बोअरचं पाणी

पंढरीने कॉम्प्युटरची बाजूची काच उतरवून भिंतीला टेकवली आणि आतल्या दोन्ही रबरी नळ्या चिमटीत धरून पाहिल्या. मग मशीन चालू करायला सांगितलं. गुरुलिंगाने बटण दाबलं आणि मागे सरला. स्टुडिओ त्याचा, मशीन त्याचं, पण आज तोच पाहुण्यासारखा अवघडून उभा होता.

अवघडणार नाही तर काय. उन्हाळा लागल्यापासून उदगीरच्या बाजारात जो भेटेल त्याच्याजवळ त्याने या पंढरीच्या नावाने बोटं मोडली होती. मशीन पंढरीने जोडून दिलेलं. लग्नाचे व्हिडिओ मिक्स करायला हौसेने घेतलेलं, प्रोसेसर पाण्यावर गार ठेवणारं. असं गावात दुसरं नव्हतं. हिवाळाभर ते निमूट चाललं आणि ऊन चढलं तसं काम निम्म्यावर असताना बंद पडू लागलं. कारण शोधायची तसदी गुरुलिंगाने घेतली नाही. पंढरीने आत बोअरचं खारं पाणी भरून दिलं, असं तो एकदा मारोतीच्या चहाच्या टपरीवर सहज बोलून गेला. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, उदगिरात टँकरपुढे घागरींच्या रांगा लागत होत्या. असल्या दिवसांत पाण्याची लबाडी कुणाला खोटी वाटते? लोक हसले, तसा तो रंगवून सांगू लागला.

पंढरीच्या दुकानात दुरुस्तीला येणारी मशीनं आटली. तेवढ्यावर भागलं नाही. त्याच्या पोरीला बघायला देगलूरहून पाहुणे आले, त्यातल्या एकाने पाण्याचा तांब्या हातात धरून, हे बोअरचं तर नाही ना, असं विचारलं. सगळे हसले, चहा पिऊन गेले आणि परत फिरकले नाहीत. हे गुरुलिंगाच्या कानावर आलं होतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, पण पंढरीच्या घरापर्यंत जायचं धाडसही झालं नाही.

आज बोलवावंच लागलं. दुसऱ्या दिवशी नव्या जिल्ह्याच्या मागणीची मोठी बैठक होती आणि तिथे दाखवायची फिल्म समितीच्या शेषेरावांनी गुरुलिंगाकडे सोपवली होती. कोरडं तळं, टँकर, एका दाखल्यासाठी लातूरला खेटे घालणारी म्हातारी माणसं. फिल्म पुरी होत आली की मशीन मान टाकायचं. शेषेराव सकाळपासून खुर्चीत ठाण मांडून होते. कूलर होता, पण त्यात घालायला पाणी नव्हतं, त्यामुळे त्यांचा पाराही चढलेला होता.

पडद्यावर प्रोसेसरचं तापमान झरझर वर चाललं होतं. पंढरीने पुन्हा नळ्या धरल्या, मागच्या जाळीवर तळवा ठेवला, प्रोसेसरवर बसवलेल्या पंपाच्या ठोकळ्याला बोट लावून थरथर पाहिली.

"पंप फिरून राहिला," तो म्हणाला. "नळ्या मात्र गारच हायेत. खाली आग लागली आन् पाण्याला पत्ताच न्हाई."

त्याने मशीन बंद केलं, स्क्रू सोडवले, ठोकळा हलक्या हाताने उचलून उलटा केला. गुरुलिंगही पुढे वाकला. तांब्याच्या चकतीवर एक पातळ पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं. प्रोसेसरची उष्णता त्यानेच अडवली होती आणि तिने त्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

दसऱ्याला मशीन उभं केलं तेव्हा मुहूर्ताचा हात मालकाचा म्हणून हा ठोकळा गुरुलिंगानेच बसवला होता. खालचं प्लास्टिक काढा अण्णा, असं पंढरी वायरी लावता लावता म्हणाला होता आणि याने काढलं म्हणून सांगितलं होतं. काढलं नव्हतं. त्याच्या घरी फ्रिजच्या दाराचं, टीव्हीच्या रिमोटचं, स्कूटरच्या सीटचं, कशाचंच प्लास्टिक निघत नसे. प्लास्टिकने वस्तू नवी राहते, हा घरचा रिवाज. एवढी लखलखीत चकती, तिला ओरखडा कशाला, असं त्याला वाटलं होतं.

पंढरीने त्याच्याकडे पाहिलं. त्यालाही दसरा आठवला होता, हे त्या नजरेत स्पष्ट दिसलं. तिच्यात राग असता तर गुरुलिंगाला बरं वाटलं असतं.

"काय निघालं?" शेषेरावांनी विचारलं.

पंढरीने प्लास्टिक सोलून टेबलावर गुरुलिंगाच्या पुढ्यात ठेवलं आणि ठोकळ्याखाली लावायच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टची ट्यूब उघडली.

"अण्णा सांगतील," तो म्हणाला.

गुरुलिंगाने प्लास्टिकवर तळवा ठेवला. दोन शब्दांचं काम होतं. पण शेषेराव टक लावून बघत होते, आणि उद्या ही गोष्ट साऱ्या समितीला कळली असती.

"पेस्ट," तो म्हणाला. "पेस्ट वाळली होती."

पंढरीचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला. त्याने ठोकळा पुसून, पेस्ट लावून बसवला, स्क्रू आवळले, मशीन सुरू केलं. हळूहळू नळ्या कोमट झाल्या, पडद्यावरचा आकडा खाली येऊन स्थिरावला आणि तासाभरात फिल्म पुरी झाली. शेषेराव खूश झाले. जिन्याकडे निघालेल्या पंढरीच्या पाठीवर त्यांनी थाप मारली.

"पुढच्या बारीला पाणी तेवढं चांगलं भरत जा."

"हाव," पंढरी म्हणाला आणि उतरून गेला.

त्या एका शब्दाने गुरुलिंगाच्या काळजाला घरं पडली. टेबलावरचं प्लास्टिक मुठीत घेऊन तो अनवाणीच जिना उतरून धावला, पण तोवर पंढरीची मोटारसायकल चौक ओलांडून गेली होती. टपरीवर नेहमीची चार माणसं बसली होती. किती पाणी निघालं अण्णा, असं मारोतीने विचारलं आणि सगळे हसले.

"पाण्याचं काही नव्हतंच," गुरुलिंग म्हणाला. "आतलं पाणी कारखान्यातूनच बंद होऊन येतं, कुणी भरत न्हाई. चूक माझी हाय. प्लास्टिक मी काढलं न्हाई आन् काढलं म्हणून खोटं बोललो. पंढरीचा काही दोष न्हाई."

त्याने मूठ उघडून तो चुरगळलेला तुकडा दाखवला. बिस्किटाच्या पुड्याचाही असू शकेल, असा तो दिसत होता. शिंपीकाम करणाऱ्या म्हाताऱ्या सटवाजीने सावकाश मान हलवली.

"बघा रे. त्याच्या पोरीचं जमंना म्हणून अण्णा समदं सोताच्या अंगावर घेऊन राहिले. लई मोठं मन लागतंय याला."

गुरुलिंग शपथेवर सांगू लागला, तशा साऱ्यांच्या नजरा अधिकच मऊ झाल्या. मारोतीने न मागता चहा आणला, त्याचे पैसे घेणार नाही म्हणाला. बाकावरच्या माणसांनी सरकून मधली जागा रिकामी केली. सटवाजीने त्याचा हात धरून त्याला तिथे बसवलं.