ताईचा पेन्वार

माझ्या शिवणाच्या दुकानात फॅशनची मासिकं पडलेली असतात. त्यातल्या एकात ताईने तो पाहिला. "इंग्रजीत याला पेन्वार म्हणतात, मूळ शब्द फ्रेंच," ती म्हणाली. "केस विंचरताना अंगावर घालायचा झगा. मला शिवून दे."

"अगं बाई, झगा म्हण की सरळ! आणि तुझी वेणी ती केवढी, उंदराची शेपटी!" असं म्हणून मी तिला सहा वर्षं टोलवलं. घरच्यांचं काम शेवटी, हा माझा खाक्याच.

ती आजारी पडली तेव्हा कुठे मला घाई सुटली. घरच्यांची मापं मी घेत नाही, ती नजरेत असतात. पातळ रेशीम आणलं, अंदाजाने बेतलं, हॉस्पिटलात नेलं. तिने घातला. आत आणखी एक ताई मावली असती.

"राहू दे असाच," ती म्हणाली. "भरेन मी परत."

डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं होतं, फार तर महिना.

"ढगळ कपडा माझ्या हातून जायचा नाही," म्हणत मी तो घरी आणून आवळला. आम्ही शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडतो. माणूस सुटलं की उसवून वाढवता येतं. इतक्या वर्षांत ते मी कुणाचं कापलं नव्हतं. त्या दिवशी कापलं. पातळ कपड्यात जाड दिसतं, असं स्वतःला सांगितलं. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. तुकडे केरात टाकले आणि चहा ठेवला.

ताई मेली नाही. औषध लागू पडलं, चार महिन्यांनी घरी आली, चांगली जेवायला लागली. भाऊजींचे पाय जमिनीवर नव्हते. मी आपली बटणं लावत बसले होते.

काल सकाळी ती पेन्वार घालून आरशासमोर बसली. पुढून जुळेना. "उसव गं जरा," म्हणाली, आणि स्वतःच शिवण उलटी करून चाचपायला लागली. माझं शिवण तिने लहानपणापासून पाहिलंय.

"आत काहीच ठेवलं नाहीस?"

"नाही."

"मी जगेन असं वाटलं नव्हतं तुला."

"नव्हतं वाटलं, ताई."

तिने कंगवा उचलला. पेन्वार तसाच उघडा ठेवून केस विंचरायला लागली. मी टेप काढली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं माप घ्यायला निघाले होते.

"हात वर कर," मी म्हटलं.

तिने कंगवा काही खाली ठेवला नाही.