शेजारची प्लेट

दार ढकललं तेव्हा दीर बाबांच्या छातीवर गुडघा रोवून बसले होते. एका हाताने त्यांनी बाबांचं नाक दाबलं होतं, दुसऱ्या हातात काढ्याचा पेला. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दात घट्ट मिटलेले. हिरवा ओघळ गळ्यावरून उशीत मुरत होता.

कडेवरच्या लेकीला पाळण्यात टाकलं आणि दिरांचा दंड धरून ओढला. ते पलंगावरून खाली आले, पण त्यांचं कोपर माझ्या ओठावर बसलं. तोंडात रक्ताची चव आली.

तो काढा ज्या पाल्याचा, त्याचाच अर्क आमच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर तपासतात. संस्था लोकांना बघायला खुली होती त्या दिवशी दिरांनी मायक्रोस्कोपखाली त्या पेशी आक्रसून मेलेल्या पाहिल्या. झालं. घरात पोत्याने पाला आला आणि पातेलं गॅसवरून उतरेना. त्या काढ्यापायी बाबांच्या यकृताचे आकडे असे चढले, की डॉक्टरांनी केमो थांबवली. उद्या रक्त तपासून ती पुन्हा सुरू होणार होती, काढा पोटात गेला नाही तर. नवऱ्याने कामावर जाताना भावाला हे बजावलं होतं, आणि भावाने नंदीबैलासारखी मान हलवली होती.

"वहिनी, मध्ये पडू नका," दीर धापा टाकत म्हणाले. "मी ह्या डोळ्यांनी त्या पेशी मेलेल्या बघितल्यात."

समजावून थकले होते मी. मोरीतून ब्लीचची बाटली आणली, दुसऱ्या पेल्यात ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"ह्यानेही मरतात. काम संपलं की आम्ही पेशी वाढवायच्या सगळ्या प्लेटांत हेच ओततो. तुमच्या पाल्यापेक्षा लवकर मरतात. पाजा बापाला."

पेला भिंतीवर फुटला. त्यांनी माझा गळा धरून डोकं कपाटावर आपटलं, मग पुन्हा. लेक किंचाळत होती. मी त्यांच्या हातात नखं रुतवली, पकड सुटेना. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि काहीतरी कडकन मोडलं. मला वाटलं, माझंच.

बाबा उभे होते. संडासापर्यंत धरून न्यावा लागणारा माणूस, काठी उगारून. दिरांचं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. दुसरा घाव खांद्यावर पडला, तेव्हा ते खाली बसले.

बाबांनी तोंडातलं हिरवं पाणी त्यांच्या पुढ्यात थुंकलं. "एक घोट गिळला नाही. लहानपणी औषध पाजताना माझा अंगठा चावायचास, आणि आता मला पाजतोस होय रे?"

दीर हात पोटाशी धरून रडत होते. रडतच म्हणाले, "मग त्या दिवशी त्या पेशी खरंच मेल्या ना?"

"मेल्या. शेजारच्या प्लेटमध्ये निरोगी आतड्याच्या पेशी होत्या. त्याच अर्काने त्याही मेल्या. ती बघायला तुम्ही थांबला नाहीत, भावोजी."

मी पाळण्याशी गेले. ब्लीचचा शिंतोडा किंवा काच तर नाही ना, म्हणून लेकीच्या मुठी उघडून पाहिल्या, ओठ हुंगले. नुसत्या दुधाचा वास. मग पातेलं मोरीत पालथं घातलं.

"उद्या दवाखान्यात जायचंच आहे," बाबा पलंगावर टेकत म्हणाले. "ह्यालाही घ्या."