जागच्या जागी चालणारा पुंजाजी

छताला कप्पी, कप्पीला दोर आणि दोराला पट्ट्यांनी आवळलेला पुंजाजी! शिरड शहापूरच्या ज्या धनगरानं उभा जन्म मेंढरांमागं काढला, त्याला वसमतच्या दवाखान्यात असं टांगलेलं बघून भागाबाईनं तोंडाला पदरच लावला. नवऱ्याकडं बघून हसावं का रडावं, तिला कळंना.

२००६ च्या उन्हाळ्यात टेम्पोनं धडक दिली आन् पुंजाजीचे दोन्ही पाय मोडले. हाडं जुळली, पण पाय टेकला की अंगाला कापरं भरायचं. दसऱ्यानंतर कळप गोदाकाठी चरायला न्यायचा असतो. बाप चालला न्हाई तर मेंढरं विकायची, असं पोरानं, शिवहारनं, ठरवूनच टाकलं होतं. दसऱ्याआधीच्या गुरुवारी व्यापारी येणार होता. ह्या बातमीनं म्हातारा निम्मा झाला होता.

"बाबा, दोर तुमचं निम्मं वजन पेलतो. पायांवर निम्मंच येतं. भिऊ नका," व्यायाम करवून घेणाऱ्या मोहिनी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पायाखालचा सरकता पट्टा चालू केला.

पुंजाजी चालायचा बराबर. पण थोडं चाललं की मान मागं वळायची, पाय अडखळायचे आणि गडी दोराला लोंबकळायचा. महिनाभर हेच! मॅडम पार वैतागल्या.

"सारखं मागं काय बघता हो?"

"एखादं मेंढरू मागं राहिलं का, बघावं लागतंय ना मॅडम."

आता बोला! दवाखान्यात कुठली आली मेंढरं? पण जित्याची खोड, ती काय अशी जाते?

भागाबाई तरातरा उठली आणि यंत्राच्या मागं जाऊन उभी राहिली. "मी हाय मागं. एक बी राहू देत न्हाई. तुमी फुडं बघा. हुर्र, हुर्र!"

पुंजाजीची मान सरळ झाली. पाऊल नीट पडाय लागलं. मॅडमनी दोर जरा सैल सोडला, मग आणखी जरा. पाय लटपटले, पण थांबले न्हाईत.

दारात शिवहार डबा घेऊन उभा होता. "बा, तू चालून राहिला!"

"व्हय. तू वीक मेंढरं," पुंजाजी फणकारला.

शिवहारनं डबा खाली ठेवला. एवढा दांडगा गडी, पण हुंदका आवरंना. "काहून विकत होतो, ठाव हाय का? तुझ्याबिगर रानात मला भ्या वाटतंय, बा."

मॅडमनी पट्टा बंद केला. पुंजाजीनं हात लांब करून पोराला जवळ ओढलं. "येड्या," तो म्हणाला, "मंग जा की, त्या व्यापाऱ्याला नगं म्हणून सांगून ये."