टोळीयुद्ध : आणखी एक

मी दिव्याच्या खांबावरची पाटी बोलतेय. केपटाऊनच्या सपाट वस्तीत, इस्माईलभाईंच्या दुकानासमोर, तारेनं जखडलेली. रोज सकाळी वर्तमानपत्राच्या गाडीतून क्लाइव्ह उतरतो आणि ठळक शब्दांचा कागद माझ्यावर चिकटवून जातो. ते शब्द वाचून लोकांनी पेपर घ्यावा, एवढाच माझा धंदा.

जन्मानं मी एका मोडक्या कपाटाची पाठ. धंदा शिकले डोंगराकडच्या झाडीतल्या बंगल्यांपाशी. तिथं एकदा एका दंतवैद्याचा कुत्रा चोरीला गेला, तर माझ्यावर कुत्र्याचं नाव आलं होतं! तीन दिवस पेपर हातोहात खपला. गिऱ्हाईक नावाला भुलतं, हे मी तेव्हाच ओळखलं.

मग मला इकडे आणलं. इथं नावं नसतात. ‘टोळीयुद्ध : एक ठार.’ ‘टोळीयुद्ध : तीन ठार.’ इस्माईलभाई क्लाइव्हला म्हणायचे, “अरे, खडू आणत जा. नुसता आकडा बदल, कागद तरी वाचेल.”

इथल्याच मयमूनामावशींचा मुलगा रिदवान गिझर दुरुस्त करायचा. एकतीस वर्षांचा. शुक्रवारची नमाज आटोपून त्यानं याच दुकानातून पाव घेतला आणि कोपऱ्यावर पोचला, तोच एका गाडीतून गोळ्या आल्या. कोणाला मारायच्या होत्या, देव जाणे. दुसऱ्या दिवशी माझ्यावर आलं, ‘टोळीयुद्ध : आणखी एक.’

मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “क्लाइव्ह, माझा रिदवान कुठल्या टोळीतला रे? गिझरवाल्यांच्या?”

“मी लिहीत नाही, मावशी. मी चिकटवतो.”

मावशी पोलीस चौकीत खेटे घालत राहिल्या. साक्षीदार नाही, एवढंच उत्तर. बाराव्या दिवशी त्या दुकानातला खाकी कागद घेऊन आल्या. त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं : ‘रिदवान. पाव घेऊन घरी चालला होता. कोणी ती गाडी पाहिली का?’ क्लाइव्हनं इकडेतिकडे पाहिलं, त्या दिवसाचा छापील कागद गाडीतच ठेवला आणि मावशींचा कागद स्वतः चिकटवला.

दुपारी बस थांबली. चालक फोर्टुइन खाली उतरला, मला दोनदा वाचलं आणि दुकानात शिरला. मावशी आत पोत्यावर बसल्या होत्या.

“मी पाहिली,” तो म्हणाला. “पांढरी गाडी. नंबरसुद्धा पाठ केला होता. रात्रभर घोकत होतो.”

“मग सांगितला का नाहीस?”

“सकाळी या पाटीवर टोळीयुद्ध वाचलं. म्हटलं, त्यांचं ते बघून घेतील, आपण कशाला मधे पडा? काढून टाकला डोक्यातून.”

“आठव, बाबा.”

त्यानं डोळे मिटले. बसमधली माणसं हॉर्न वाजवू लागली, तरी तो उभाच. “शेवटी सात होता,” तो म्हणाला. मग हळूच, “का एक होता?”

मावशींनी त्याला पाणी दिलं. पोलिसांनी लिहून घेतलं, पांढरी गाडी. या शहरात पांढऱ्या गाड्या काय थोड्या आहेत?

दुसऱ्या सकाळी क्लाइव्हनं खाकी कागद फाडला नाही. त्याच्यावरच नवा चिकटवला : ‘टोळीयुद्ध : दोन ठार.’ आता रिदवान माझ्या पोटाशी आहे आणि पेपर मात्र नेहमीइतकाच खपतोय.

मी पेपर विकायला टांगलेली बाई, माझ्या शब्दावर कसला विश्वास ठेवता? येताजाता मला वाचा हवं तर. पण काही पाहिलं असेल, तर मला वाचायच्या आधी सांगून टाका.