खैरखेडचे पुरुष

माणूस मोजला गेला की इतिहासात आला. हे वाक्य डॉ. पद्माकर पांढरीपांडे यांच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. ते स्वतः मात्र मे महिन्यापासून मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये मुलाकडे राहत होते आणि तिथे त्यांना आजवर कोणी मोजलं नव्हतं. नाही म्हणायला, सून चहाचं आधण ठेवताना मोजायची.

पुस्तक वऱ्हाड प्रांतातल्या इंग्रजी अमदानीतल्या खानेसुमारीवर होतं. अकरा वर्षांचं काम. त्याचा कणा म्हणजे चौथं आणि पाचवं प्रकरण. चौथ्यात खैरखेड. एकोणीसशे एकच्या खानेसुमारीत या गावात बायका भरपूर आणि पुरुष तीन, तिघंही साठीच्या पुढचे. पाचव्यात तीन मैलांवरचं कळमखेड. तिथे पुरुषच पुरुष. आधी छप्पनचा, म्हणजे संवत १९५६चा, दुष्काळ होऊन गेलेला. यावरून पद्माकररावांनी सिद्धांत मांडला होता की सरकारने खैरखेडचे पुरुष बायकापोरांपासून तोडून कळमखेडला खडी फोडायला नेले, आणि ज्यांच्या हातात हातोडा धरायचं बळ नव्हतं तेवढेच मागे ठेवले. सोबत नकाशा होता. नकाशात खैरखेडहून कळमखेडकडे जाणारा एक जाड काळा बाण होता. नागपूरच्या परिसंवादात तो पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले होते.

अभ्यासासाठी खैरखेडची निवड काटेकोर निकषांवर झाली होती. ती त्यांची सासुरवाडी होती. राहायची-जेवायची सोय होती.

पुण्याच्या प्रकाशकाने कळवलं होतं, शेवटच्या दुरुस्त्या बुधवारपर्यंत सांगा, मग छपाईला देतो. दुरुस्त्या नव्हत्याच. बुधवारी सकाळी ‘छापा’ एवढा एकच शब्द लिहायचा होता आणि पद्माकरराव तो मनात घोळवत होते.

मध्ये मंगळवार आला. मंगळवारी ऑस्ट्रेलियाची जनगणना होती. दर पाच वर्षांनी ऑगस्टात एक रात्र ठरते आणि त्या रात्री जो जिथे असेल तिथे मोजला जातो. साहेबाची जुनी रीत. वऱ्हाडातही एकोणीसशे एकच्या फाल्गुनात, होळीच्या आधी, त्याने असंच एका रात्रीत सगळ्यांना मोजलं होतं. हे कळल्यावर पद्माकररावांनी फॉर्म भरायची जबाबदारी आपल्याकडे घेतली आणि इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

अडचण अशी की तो श्रावणातला पहिला मंगळवार होता आणि सून नीरजा हिने तिच्या मावसबहिणीची, शिवांगीची मंगळागौर घरी ठेवली होती. शिवांगीचं लग्न डिसेंबरात झालेलं. ती आणि नवरा श्रेयस शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला छोट्याशा युनिटमध्ये राहायचे. नीरजाचं घर ऐसपैस. इथे सगळे सण हॉल मिळेल त्या शनिवारी येतात, पण पद्माकररावांच्या पत्नी सुमेधाताई अमरावतीहून ताज्या आलेल्या असल्याने त्यांनी मंगळागौर मंगळवारीच होईल असं बजावलं. रात्रभर खेळ, जागरण, आणि घरात पुरुष नकोत.

त्यामुळे मुलगा सलिल आणि बाकीचे नवरे क्रेगीबर्नला श्रेयसकडे जाणार होते. "काही नाही गं आई, जरा मॅच-बिच बघू, तिथेच झोपू. उद्या सगळ्यांचं वर्क फ्रॉम होम आहे," सलिल म्हणाला. जाताना त्याने गाडीच्या डिकीत दोघांना उचलावा लागणारा बर्फाचा डबा ठेवला. श्रावण लागलेला असल्याने त्यात काय आहे हे कोणी विचारलं नाही.

पद्माकररावांना सूट मिळाली. एक तर वय, दुसरं सरकारी काम.

"बाबा, मी उद्या भरते ना ऑनलाइन," नीरजा म्हणाली.

"उद्या? खानेसुमारी कधी उद्या भरतात का? रात्र महत्त्वाची. आज रात्री या छपराखाली जो झोपेल तो इथला."

"पण काका, आम्ही झोपणारच नाही आहोत," शिवांगी नथ सावरत म्हणाली. "मग आम्ही कुठल्या?"

पद्माकररावांनी विचार केला. "झोपेची अट नाही. मुक्काम पुरे."

"थँक गॉड. मला वाटलं, पिंगा घातला की पीआर व्हिसा जातो."

संध्याकाळी बायका आल्या. पूजा झाली, जेवणं झाली, सोफे गॅरेजमध्ये गेले. पद्माकरराव लॅपटॉप हातावर तोलत दिवाणखान्यात शिरले.

"नाव झालं. वय?"

"काका, फुगडी चाललीये!"

"चालू दे. फुगडीचा रकाना नाही. वय सांग."

"छत्तीस!" फिरता फिरता उत्तर आलं.

"अगं, तू माझ्या वर्गात होतीस ना?" दुसऱ्या फुगडीतून कोणीतरी ओरडलं, आणि वय दोनाने वाढलं.

शेवटी सगळं भरून झालं. पद्माकररावांनी चष्मा पुसून आकडे पाहिले. बायका आणि मुली मिळून एकवीस. पुरुष एक, वय एकाहत्तर.

हे आपण कुठेतरी पाहिलंय असं त्यांना वाटलं. मग कुठे ते आठवलं. प्रकरण चौथं.

त्यांनी सलिलला फोन लावला.

"तिकडे किती जण आहात?"

"बारा-तेरा. का हो बाबा?"

"त्यात बायका किती?"

पलीकडे काहीतरी तापलेल्या जाळीवर चरचरत होतं. "बाबा, काय विचारताय? एकही नाही! आईला फोन देऊ नका हं."

"फॉर्म भरलात का?"

"श्रेयसने भरला. नो वरीज."

म्हणजे पॉइंट कुकला नुसत्या बायका आणि क्रेगीबर्नला नुसते पुरुष. मधे फ्रीवे. पद्माकररावांना त्या फ्रीवेवर एक जाड काळा बाण दिसू लागला. बाणावर बर्फाचा डबा होता.

नीरजा पाणी प्यायला आली तशी त्यांनी तिला थांबवलं. "शंभर वर्षांनी कोणी हे आकडे पाहिले तर त्याचा भलताच समज होईल गं."

"नाही होणार, बाबा. खाली प्रश्न आहे ना, नेहमी कुठे राहता म्हणून. शिवांगीपुढे क्रेगीबर्न टाकलं की ती क्रेगीबर्नची. लोक इकडेतिकडे जातात हे त्यांना माहीत असतं."

"एकोणीसशे एकला हा प्रश्न नव्हता."

"मग तेव्हा कोणी कुठे गेलं असेल तर?" असं म्हणून नीरजा झिम्म्याला निघून गेली.

पद्माकरराव स्वयंपाकघरात गेले. सुमेधाताई सगळ्यांच्या चहासाठी आलं किसत होत्या.

"अहो, तुम्हाला टाकू का अर्धा कप?"

"सुमेधा, फाल्गुनात, होळीच्या आधी, खैरखेडचे पुरुष कुठे जातात?"

"कळमखेडला," किसणी न थांबवता त्या म्हणाल्या. "जत्रेला. कुस्त्या असतात."

"सगळे?"

"आमचे नाना, काका, झाडून सगळे. दोन रात्री मुक्काम. म्हातारे तेवढे घरी. आम्हाला काय, बरंच होतं. स्वयंपाकाला सुट्टी."

"जत्रा जुनी आहे?"

"माझे पणजोबा लढले होते तिथे. छप्पनच्या दुष्काळानंतर लगेच. त्या साली म्हणे फेट्याऐवजी ज्वारीचं पोतं लावलं होतं बक्षीस. मग काय, ज्याला लंगोट बांधता येत नव्हता तोही गेला." त्या हसल्या. "पणजोबा पहिल्याच कुस्तीत चीत. आमच्याकडे अजून बोलतात त्यावर."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही खैरखेडला आलात की फक्त दुष्काळाचं विचारायचात. काकांनी एकदा कुस्त्यांचं काढलं होतं. तुम्ही रेकॉर्डर बंद केलात. बॅटरी जाते म्हणालात."

ते आठवलं. बॅटरी खरंच जात होती.

चहा घेऊन ते खोलीत येऊन बसले. पुस्तक जसंच्या तसं छापायला हरकत नव्हती. ज्वारीच्या पोत्याचं खैरखेडबाहेर फक्त सुमेधाताईंना माहीत होतं आणि आपण हे पुस्तक वाचणार नाही हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं. दोन प्रकरणं काढली तर मात्र उरत होती प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि पर्जन्यमानाचे तक्ते. अकरा वर्षं. नागपूरच्या त्या बाई. पद्माकररावांनी ‘छापा’ लिहिलं आणि खोडलं. बाहेर पिंगा रंगात आला होता आणि भिंतीवरची त्यांची पदवीदानाची तसबीर ठेक्यावर हलत होती. सलिलने ती कौतुकाने भारतातून आणून लावली होती.

शेवटी त्यांनी प्रकाशकाला सविस्तर ईमेल लिहिला. प्रकरण चौथं आणि पाचवं मागे घेत आहे. बाण काढावा. खैरखेडचे पुरुष हरवलेले नाहीत, ते कुस्त्यांना गेले होते. विद्वानाच्या प्रतिष्ठेपेक्षा सत्य मोठं आहे, असंही शेवटी लिहिलं. ते वाक्य त्यांना आवडलं. पुढच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर चाललं असतं. ईमेल पाठवून ते आडवे झाले आणि घरात झोपलेली एकमेव व्यक्ती ठरले.

सकाळी उत्तर आलेलं होतं.

‘सर, सादर नमस्कार. मशीन रिकामं होतं म्हणून छपाई मागच्या शुक्रवारीच उरकली. बाण छान उठलाय. एकूण प्रती दीडशे. त्यातल्या शंभर आपण स्वतःसाठी सांगितल्या आहेत, त्या अमरावतीच्या पत्त्यावर पाठवल्या. उरलेल्या पन्नास गोदामात आहेत.’