रंग न आलेला ग्लास

"पोरीचा फ्रॉक परत आत घ्यायला आलाय," तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी मला जिन्यात अडवलं. ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे शब्द दाबून येत होते. "मागे एकदा घेऊन दिला, आता पुन्हा. वाढत्या पोरीच्या शिवणी उसवतात गं, आत कोण घेतं? जरा लक्ष घाल."

"उंची वाढतेय ना मावशी, म्हणून बारीक दिसते," असं म्हणून मी वर निघाले. कडेवर लेक, एका हातात भाजीची पिशवी, डोक्यात लेकीचा खोकला. दुसऱ्या वळणापर्यंत मावशींचं बोलणं मागे पडलं होतं.

फ्रॉक माझ्या पुतणीचा. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती चालत नाही, गिरकी घेत घेत येते. मोठ्या जाऊबाईंची एकुलती एक. शाळेत जायला लागली त्याच वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज सुईनं आत घालावं लागतं. पथ्यानं भागत नाही, पळण्यानं भागत नाही, मन आनंदी ठेवून तर अजिबात भागत नाही. जाऊबाई तिच्या मांडीला सुई टोचायच्या आणि मग भांडी घासायच्या निमित्तानं नळ सोडून रडायच्या. नळाचा आवाज मोठा झाला की आम्ही घरातले न बोलता समजून घ्यायचो.

अशा बाईला कोणी म्हणालं, 'सुई बंद होईल,' तर ती कुठे जाणार नाही?

ती जुन्या फर्निचरच्या दुकानात गेली. दुकान बंद पडलं होतं आणि तिथे आता थेंबबाबा आला होता.

बाहेर रस्त्यापर्यंत रांग. आत गालिचा, मंद दिवे, आणि मागच्या पडद्याला लागून पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं कपाटाएवढं यंत्र. कापडातून दोनच गोष्टी बाहेर आलेल्या: एक चकचकीत तोटी आणि हात ठेवायला एक स्टीलचा पत्रा. यंत्राचं नाव 'साक्षी'. आजारी माणसानं पत्र्यावर तळवा ठेवायचा, तोटीखाली कागदी ग्लास धरायचा. बाबा तीन हात लांब, दोन्ही हात छातीवर बांधून, डोळे अर्धे मिटून उभा. कुठे स्पर्श नाही, बटण नाही. आणि तोटीतून आपोआप औषध! कुणाला हिरवं, कुणाला नारिंगी, कुणाला लाल. ग्लास बरोबर काठाखाली बोटभर भरला की धार आपली आपण थांबायची.

"साक्षी बोलत नाही, साक्षी मोजते!" बाबाचा आवाज घुमायचा. "तुमच्या पेशीपेशीतलं कंपन ती ऐकते! ज्याचं दुःख जेवढं, त्याचं औषध तेवढं! डॉक्टर विचारतो, काय होतंय? साक्षी विचारत नाही. तिला ठाऊक असतं!"

साक्षी विचारत नव्हती हे खरं. विचारायला रांगेत पांढऱ्या कोटातली एक बाई होती. कोट डॉक्टरचा, बाई कशाचीच नाही. "काय मावशी, गुडघे का? किती दिवस? झोप लागते का?" असं मायेनं बोलत ती प्रत्येकाच्या हातात ग्लास द्यायची. ग्लासांच्या काठावर नक्षी होती. साखरवाल्यांना पानांची, पोटाच्या तक्रारीवाल्यांना लाटांची, झोप न येणाऱ्यांना चांदण्यांची. जाऊबाईंनी आग्रह केला म्हणून मी एकदा लेकीला घेऊन गेले, तेव्हाच मला ते दिसलं. पानांचा ग्लास पुढे आला की हिरवं, लाटांचा आला की नारिंगी.

"ताई, ग्लास बघून रंग येतोय," मी कुजबुजले.

"तू ना, देवाच्या बोटांचेसुद्धा ठसे तपासशील," जाऊबाई म्हणाल्या. "गप बस जरा."

"भिंगरीचं इन्सुलिन चालू आहे ना पण?"

"आहे गं बाई. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही करीन का?"

तेवढ्यात भिंगरीची पाळी आली. तिनं पत्र्यावर हात ठेवला. तोटी खरखरली, दोनदा थुंकली, आणि ग्लासात पडलं ते स्वच्छ पांढरं पाणी. वर नुसते बुडबुडे. हिरव्याचा टिपूस नाही.

बाबानं डोळे पूर्ण उघडले. एक क्षण, फक्त एक क्षण, त्याच्या चेहऱ्यावर मी गोंधळ पाहिला. घडी घातलेला कागद उलगडून तो कोरा निघावा तसा. आणि मग त्यानं दोन्ही हात वर फेकले.

"निर्मळ!" तो ओरडला. "साक्षीला हिच्यात आजारच सापडला नाही! पोर निर्मळ झाली!"

काय तो जल्लोष! कुणी भिंगरीला उचललं, कुणी जाऊबाईंना मिठी मारली. भिंगरी ग्लास डोक्यावर धरून गिरकी घ्यायला गेली आणि धडपडली. लोक म्हणाले, आनंदानं. पांढऱ्या कोटातली बाई जाऊबाईंना बाजूला घेऊन कानात काहीतरी बोलली. काय बोलली, ते मला कळलं इस्पितळात.

त्याच आठवड्यात भिंगरी ओकायला लागली. नळाला तोंड लावून पाणी प्यायची आणि पुन्हा ओकायची. श्वास भात्यासारखा, तोंडाला पिकून नासलेल्या फळाचा वास. दिरांनी तिला चादरीत गुंडाळून नेलं तेव्हा ती हाका मारूनही डोळे उघडत नव्हती.

"इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वयानं माझ्याएवढ्याच, पण आवाजात धार.

मी म्हणाले, "बंद नाहीये."

जाऊबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "आधी निम्मं केलं होतं," त्या म्हणाल्या. "आता पूर्ण बंद."

"कोणी सांगितलं?"

"यंत्रानं."

डॉक्टरीणबाई वळून आत पळाल्या. बरं झालं. आत त्यांची जास्त गरज होती.

"ती बाई म्हणाली, निर्मळ देहाला सुई टोचली तर साक्षीचा अपमान होतो, आजार दुपटीनं परत येतो," जाऊबाई जमिनीकडे बघत बोलत होत्या. "आणि भिंगरीनं विचारलं, आई, आता कधीच नाही ना टोचणार? मी म्हटलं, कधीच नाही. किती नाचली गं ती!"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. शब्द जिभेवर होते. पण त्यांच्या हाताला अजून भिंगरीच्या ओकारीचा वास येत होता, आणि माझी लेक "मला तहान लागली" म्हणून ओढणी खेचत होती. मी तिला खाली उपाहारगृहात नेलं.

तिथे कोपऱ्यात थंड पेयांचं यंत्र होतं. चकचकीत तोटी, वर फळांची चित्रं, चित्राखाली बटणं. लेकीनं संत्र्याचं बटण दाबलं. तोटी खरखरली, दोनदा थुंकली, आणि ग्लासात पडलं स्वच्छ पांढरं पाणी. वर नुसते बुडबुडे.

लेकीनं ग्लास डोक्यावर धरला. "आई! मी निर्मळ!"

"निर्मळ कसली गं," गल्ल्यावरची बाई हसली. "पाक संपलाय मेला. थांब, डबा बदलून देते."

मी तिथल्या खुर्चीवर बसले आणि त्या बाईला डबा बदलताना बघत राहिले. दोन नळ्या. एकीतून गार सोडा येतो, दुसरीतून घट्ट पाक. बटण दाबलं की दोन्ही झडपा ठरलेला वेळ उघडतात, ठरलेलं माप सोडतात आणि मिटतात. दोन्ही तोटीच्या तोंडाशी मिसळतात म्हणून आपल्याला एकच रंगीत धार दिसते. पाकाचा डबा रिकामा झाला तरी सोड्याची झडप आपलं काम करतच राहते. संत्रं संपलं की नाही, समोर कोण उभं आहे, ते जगणार की मरणार, यातलं काहीही तिला कळत नाही.

साक्षीमधलाही असाच एक पुठ्ठ्याचा डबा रिकामा झाला होता. तो बदलायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. एवढ्यासाठी आमची पोर वर नळ्या लावून पडली होती.

भिंगरीनं डोळे उघडले. धोका टळला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या दुपारी जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "चल."

"कुठे?"

"साक्षीला भेटायला."

दिरांना भिंगरीपाशी बसवलं, लेकीला शिवणवाल्या मावशींकडे सोडलं. वाटेत मी जाऊबाईंना सगळं सांगितलं. लेकीचा पाळणा आम्ही याच फर्निचरच्या दुकानातून घेतला होता आणि तो मागच्या दारानं टेम्पोत चढवला होता. ते दार मला माहीत होतं. जाऊबाई पुढून रांगेत शिरल्या, मी मागून आत.

पडद्यामागे साक्षीचं पोट उघडं होतं. गॅसची टाकी, बर्फाळ नळ्या, पुठ्ठ्याचे डबे. डब्यांवर छापलेलं: संत्रं, स्ट्रॉबेरी, हिरवं सफरचंद. खाली बारीक अक्षरात, 'साखर, रंग, कृत्रिम स्वाद'. साखरेच्या आजाऱ्यांना हा माणूस औषध म्हणून साखरेचा पाक पाजत होता! पडद्याच्या फटीतून त्याचे पाय दिसत होते. गालिचाखाली तीन उंचवटे आणि त्यांच्यावर बाबाचा अंगठा. यंत्राची बटणं काढून त्यानं पायाखाली बसवली होती.

मी डब्यांच्या नळ्यांची तोंडं एकेक करून सोडवली. पाक कोपरापर्यंत ओघळला.

बाहेर जाऊबाईंची पाळी आली. आधी उरलासुरला रंग आला, मग खरखर, मग पांढरं.

"निर्मळ!" बाबाला आता सवय झाली होती. "बाई, तुमचा आजार गेला!"

"मला आजार नव्हताच," जाऊबाई म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. "पुढच्यांना येऊ द्या."

पुढचे आजोबा. पांढरं. "निर्मळ," बाबा म्हणाला, जरा हळू. त्यांच्यामागच्या बाई. पांढरं. मग एक जाडा गृहस्थ, मग त्यांची बायको. पांढरं, पांढरं. बाबाचा अंगठा गालिचावर उड्या मारत होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"सगळेच बरे झालो की काय?" कोणीतरी विचारलं. एक-दोघं हसले.

मी पडदा बाजूला केला आणि हातातल्या गळक्या नळ्या घेऊन पुढे आले. "हो, सगळेच बरे झालात. कारण मी पाकाच्या नळ्या काढल्यात. हे बघा तुमचं औषध. दुकानात मिळणारं सरबत आहे. ते संपलं म्हणून आमची पोर निर्मळ ठरली आणि इस्पितळात पोचली. आणि हा गालिचा उचला कुणीतरी."

"हात लावू नका! साक्षीचा कोप..." पांढरा कोट किंचाळला. पण जाड्या गृहस्थांनी गालिचा केव्हाच ओढला होता. तीन बटणं, तीन वायरी, आणि वर बाबाचा अनवाणी पाय. त्याला तो उचलायचंही सुचलं नाही.

तरी तो बोललाच. ही जात गप्प बसत नाही. "ज्या पोरीबद्दल तुम्ही आलात," तो जाऊबाईंना म्हणाला, "तिच्या आईची श्रद्धा कमी पडली. म्हणून आजार परतला."

जाऊबाईंनी त्या पांढऱ्या पाण्याचा ग्लास त्याच्या तोंडासमोर धरला. "माझी श्रद्धा एवढी होती, की मी माझ्या हातानं माझ्या पोरीला मारायला निघाले होते. अजून किती हवी होती तुला?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक आजोबा तर माझ्यावर चिडले. "पोरी, मला ते लाल पिऊन झोप लागत होती. तू कशाला मध्ये आलीस?" मला त्यांचा राग आला आणि कीवही. लागली असेल झोप; कोणीतरी मायेनं विचारपूस केली की लागते. पण त्यासाठी घरातलं माणूस पुरतं, तोटी लागत नाही. काही लोक बाबावर हात उगारून धावले तेव्हा आम्ही दोघी मध्ये उभ्या राहिलो. मारून काय होणार? कुणीतरी पोलिसांना फोन केला; ते येईपर्यंत मी बाबाला तेच यंत्र पुन्हा जोडायला लावलं. आधी डबा लावून, मग काढून. सगळ्यांसमोर, पुन्हा पुन्हा, जोवर शेवटच्या माणसाला कळत नाही तोवर.

कपाळावर मळवट भरून अंगात येणाऱ्याला तुम्ही ओळखाल. हवेतून राख काढून देणाऱ्याला ओळखाल. पण आता ते यंत्र घेऊन येतात, कोट घालून येतात, 'पेशी' आणि 'कंपन' म्हणतात. तेव्हा कापड उचलून मागे बघायला मागा. जो दाखवत नाही, त्याच्या यंत्रावर हात ठेवू नका. आणि खरं औषध बंद करायला जो सांगतो, तो कितीही गोड बोलो, त्याला उंबऱ्याबाहेर काढा. विचारायचं तर ज्यानं औषध सुरू केलं त्या डॉक्टरला विचारा.

भिंगरीला परवा मावशींकडे नेलं. मावशींनी टाचण्या तोंडात धरून तिच्या फ्रॉकच्या शिवणी टराटर उसवल्या. जाऊबाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांनी डोळे पुसले, आणि या वेळी नळ सोडला नव्हता.

तुमच्याही माहितीत कुणीतरी असेल. रोज औषधावर असलेली आत्या, शेजारची मुलगी, लांब राहणारा भाऊ. सध्या ते फार खुशीत असतील, "आता काही लागत नाही मला" म्हणत असतील. त्यांच्याकडे जा. "बरे आहात ना" एवढं विचारून परत फिरू नका. औषध कुठे ठेवलंय ते बघा, त्यातलं संपतंय का ते बघा. मनगटावर घड्याळ सैल फिरतंय का बघा.

हे वाचून झालं असेल तर उठा. आत्ताच जा.