तीन हाका

समीक्षाने पोरीला मांडीवर सरकवलं आणि साहेबासारखा घसा खाकरला.

"आपलं नाव?"

समोरच्या खुर्चीत सुजयचा जबडा आवळला. "स... स..."

"सुजय," ती बोलून गेली. मग तिने जीभ चावली.

"उ-उद्या तूच जा," तो म्हणाला. "मी पोरीला ब-बघतो."

उद्या रोह्याला, केमिकल कंपनीत, स्टोअरच्या जागेसाठी मुलाखत होती. पेणमधलं हार्डवेअरचं दुकान, जिथे तो चार वर्षं काम करत होता, ते महिनाअखेर बंद होणार होतं. याआधीच्या दोन्ही मुलाखती त्याच्या स्वतःच्या नावावरच अडल्या होत्या. दुसऱ्या वेळी साहेबांनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

समीक्षाने वाचलं होतं की अडखळणारी माणसं दुसऱ्याची नक्कल करताना पुष्कळदा अडखळत नाहीत.

"दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात बोलून बघ ना. कुणाच्याही."

सुजय थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने पाठ सैल सोडली, मान किंचित तिरकी केली.

"नाव सुजय. बी.कॉम. चार वर्षं स्टॉक मीच बघतोय. विचारा की साहेब, काय विचारायचंय ते."

एका दमात. कुठेही न अडता.

पडवीत त्याची आई, काशीबाई, भिजवलेले वाल सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं,

"साईराज, जेवलास काय रं?"

आणि तिचे हात परातीतच थांबले.

साईराज सुजयचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी धरमतरच्या खाडीत तो मालाच्या बार्जवरून पडून बुडाला होता. समीक्षाने भिंतीकडे पाहिलं. फोटोत त्याची मान किंचित तिरकी होती.

संध्याकाळपर्यंत सुजयने सगळे प्रश्न चारदा म्हटले. जेवताना त्याने भात मागितला, तोही त्याच आवाजात. पोरगी त्याच्याजवळून उठली आणि समीक्षाच्या पाठीमागे जाऊन बसली.

"आता बास कर," समीक्षा म्हणाली.

"का? चांगलं येतंय की. तुलाच हवं होतं ना?"

ते खरं होतं. तिने भात वाढला.

सकाळी निघताना तो रोज पायरीवरून तिला नावाने हाक मारायचा. ते नाव तिच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचायचं, आणि बहुतेकदा तीच ओ देऊन ते मध्येच संपवायची. आज तो उंबऱ्यात वळला.

"येतो, वहिनी."

मस्करी असावी. पण तो हसला नाही.

साईराज तिला वहिनी म्हणायचा.

काशीबाईने काही ऐकल्याचं दाखवलं नाही. शेजारी जायला निघाली तेव्हा मात्र ती दारात घुटमळली.

"दुपारचं कोणी भायेरून बोलावलं तर लगेच ओ द्यायची नाय गो."

"आई, तुमचं आपलं काहीतरी."

"ते एकदाच बोलवतं. तीन हाका झाल्या, की समजायचं आपलं माणूस हाय."

एरवी समीक्षा हसली असती. आज तिने दाराला आतून कडी घातली, पोरगी रस्त्यावर जाऊ नये म्हणून.

भर दुपारी पोरगी झोपली. बाहेर पानही हलत नव्हतं. समीक्षा मोबाईल हातात घेऊन बसली होती. निरोप नाही, फोन नाही. दोनदा तिने लावून पाहिला, तो बंद लागला.

मग पायरीवर चप्पल वाजली.

"दार उघड. काम झालं."

सरळ, मोकळा आवाज. 'काम झालं' हे दोन शब्द ऐकायला ती महिनाभर थांबली होती. ती धावत दारापर्यंत आली, आणि कडीपासून हातभर अंतरावर तिचे पाय थबकले.

तिने ओ दिली नाही.

बाहेरही कोणी काही बोललं नाही. दाराखालच्या फटीत सावली होती, ती हलत नव्हती. झोपेतच पोरीने कूस बदलली. समीक्षाला आपलाच श्वास मोठा वाटला.

मग पलीकडे घशात काहीतरी अडलं.

"स..."

एक.

"स..."

दोन. पुढची अक्षरं नेहमीसारखी तिच्याच ओठांवर आली होती. तिने ओठ घट्ट मिटले, कडीवर हात ठेवला आणि वाट बघत उभी राहिली.